पानाची मागची बाजू

१२ मे, सकाळ. स्पेनमधल्या एका डोंगरउतारावर दोरीने आखलेला वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद तुकडा, त्यात एक्केचाळीस ओक. हजर तिघं: वनस्पतिशास्त्र शिकणारी आमची लेक नेहा, तिची आई आणि मोजणीला मी.

कुठल्या तुकड्यात कुठल्या ओकचं रान, हे नेहाला नकाशात भरायचं होतं. बाकीचे तिने स्वतः मोजले होते, हा शेवटचा तुकडा. ओक दोन जातींचे, एकाची पानं काटेरी, एवढंच ऐकून मी वहीत लिहिलं: काटेरी एकोणीस, गुळगुळीत बावीस.

"बाबा, चुकलास तर आइस्क्रीम तुझ्याकडून," नेहा म्हणाली.

"एकही चुकणार नाही."

तेवढ्यात हिने, मंडईत अळूचं पान उलटून बघते तसं, एक काटेरी पान उलटलं. "अहो, हे मागून पांढरं आहे, त्या गुळगुळीतासारखंच. आणि वर बघा, ह्याच झाडाला शेंड्याकडे काटेच नाहीत!"

"आई, जात पाठीवरूनच ओळखायची, बाबाला सांगायचंच राहिलं!" नेहाने उडीच मारली. "नकाशा चुकला असता गं!"

आम्ही पुन्हा मोजलं. पांढऱ्या पाठीचे अडतीस, हिरव्या पाठीचे, म्हणजे खरे काटेरी जातीचे, तीनच. नेहा म्हणाली, पांढऱ्या पाठीचं झाड शेळीचं तोंड पोचतं तिथवरच काटे धरतं, वर निवांत असतं. मी मात्र हाताशी आलेल्या पानावरून अख्खं झाड ठरवत होतो, आणि माणसंही बहुधा तशीच ठरवत आलो. चुकल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पैजेचं आइस्क्रीम खालच्या गावात दिलं, नेहाला नव्हे, तिच्या आईला.