तुझं फावडं माझ्यासाठी

आमच्या बर्फवाल्याइतकं बर्फावर प्रेम करणारा माणूस अख्ख्या ऑस्ट्रेलियात सापडणार नाही, आणि बर्फाला त्याच्याइतकं भिणाराही सापडणार नाही. हा मूळचा सोलापूरचा. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत त्याने पाहिलेला सगळा बर्फ उसाच्या रसात तरंगत होता. मेलबर्नला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसच्या लोकांबरोबर डोंगरावर गेला आणि पांढरं झालेलं जग बघून जो बिघडला तो बिघडलाच. डँडेनॉन्गच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्स इंजिनीअर होता. आम्ही सगळे वर्षभराची रजा भावंडांच्या लग्नांसाठी साठवायचो, आणि हा ती जुलै-ऑगस्टसाठी, म्हणजे इथल्या हिवाळ्यासाठी, साठवायचा. रजा लागली की वर डोंगरातल्या एका छोट्या लॉजवर हंगामी नोकरीला जाऊन स्नोमोबिल चालवायचा. बर्फावरची स्कूटर म्हणा ना, पुढे दोन पट्ट्या आणि मागे रणगाड्यासारखा पट्टा. पाहुण्यांच्या गाड्या खाली कारपार्कमध्ये राहायच्या, आणि पाहुणे, त्यांच्या बॅगा, दूध, पाव हे सगळं मागच्या घसरगाडीत घालून हा वर आणायचा. त्याची बायको युनीमध्ये, म्हणजे विद्यापीठात, शिकवायची. ती म्हणायची, "लोक सुट्टीत आराम करतात, आमचे हे हमाली करतात."

आता प्रेमाचा भाग इथे संपतो आणि भीतीचा सुरू होतो. उतारावरचा बर्फ कधी सुटून खाली येईल याचा भरवसा नाही, यावर त्याची देवावर असावी तशी श्रद्धा होती. त्यामुळे त्याच्याजवळ तीन वस्तू कायम असत. एक बीकन, म्हणजे छातीला बांधायचं छोटं यंत्र. माणूस बर्फाखाली गेला तर त्याचं यंत्र बोलावत राहतं आणि वरच्या माणसाचं यंत्र ते ऐकून पिपाणीसारखं वाजतं. दुसरी प्रोब, म्हणजे घडीची लांब काठी, खाली कोण आहे ते टोचून बघायला. तिसरं फावडं. असे चार संच त्याने जमवले होते आणि सराव म्हणून तो वर्षभर ते कुठे ना कुठे पुरत असे. उन्हाळ्यात समुद्रावर गेलो की पोरं वाळूचे किल्ले करायची आणि हा मोठ्यांना वाळूत बीकन शोधायला लावायचा. एकदा आमच्या वेरिबीच्या घरी गणपतीची आरती झाली, पानं वाढायला घेतली, तेवढ्यात तो शांतपणे म्हणाला, "मी या घरात एक माणूस पुरलाय. शोधा." माझे सासरे तेव्हा पुण्याहून आले होते. निवृत्त बँकवाले, हिशोबाला पक्के. ते यंत्र हातात घेऊन सोवळ्यात घरभर फिरले आणि नऊ मिनिटांनी धुण्याच्या टोपलीत एका मोज्यात त्यांना बीकन सापडलं. बर्फवाल्याने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "काका, खणून काढेपर्यंत मी गेलो. पण तुम्ही प्रयत्न मनापासून केलात." सासऱ्यांना ते इतकं लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्याला फोन करून पुन्हा पुरायला बोलावलं.

मी त्याच्याशी वाद घालायचो. इथले डोंगर ते केवढे, आपण काय हिमालयात आहोत का, वर्षानुवर्षं तिकडे कोणी गाडला जात नाही, मग हे ओझं कशाला. तो चिडायचा नाही. एकदा म्हणाला, "स्वतःचं फावडं स्वतःच्या कधीच उपयोगी पडत नाही रे. मी खाली असेन तर मला तुझं फावडं लागणार. तू म्हणतोस मला नको, पण ते तुझ्यासाठी कुठे आहे? तुझं फावडं माझ्यासाठी, माझं तुझ्यासाठी." मी म्हटलं, मग हे सगळं घेतलं की कुठेही जाता येतं ना? तर म्हणाला, "छे. सामान आहे म्हणून जायचं नसतं. सामान नसेल तर मात्र नक्की जायचं नसतं."

माझी मुलगी नऊ वर्षांची होती तेव्हा त्याच्या आग्रहावरून मी, बायको आणि ती असे तिघं त्या लॉजवर राहायला गेलो. दोन दिवस वारा आणि बर्फ, तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन. कारपार्ककडे जाणारी जवळची वाट पाच मिनिटांची, पण एका उघड्या उताराच्या पायथ्यावरून जाणारी. वाऱ्याने त्या उताराच्या माथ्यावर बर्फाचा मोठा छज्जा बांधला होता. बर्फवाला सकाळपासून हात मागे बांधून त्याच्याकडे बघत होता, लाथाड गाईकडे बघावं तसा. लांबची वाट झाडांतून, जायला-यायला पाऊण तास. खाली पाच जणांचं कुटुंब थांबलं होतं. मॅनेजर मोठा भला माणूस, पण त्या दिवशी कामाने गांजलेला. तो म्हणाला, "मेट, इट्स फाइव्ह मिनिट्स. नोबडी वेअर्स दॅट स्टफ हिअर." याने ऐकून घेतलं आणि झाडांतून गेला, दोन फेऱ्यांत पाचही जणांना गळ्यात बीकन बांधून आणलं. त्यातल्या आजीबाई थंडीने कुडकुडत उतरल्या त्या तक्रार करतच. आर्व्होला, म्हणजे दुपारनंतर, आणखी चार कुटुंबं येणार होती. मॅनेजरने सरळ सांगितलं की जवळच्या वाटेने जा, ती यंत्रं लोकांच्या गळ्यात बांधून त्यांना घाबरवू नकोस, नाहीतर किल्ली ठेव. मग तो माझ्याकडे आला. "यू आर हिज मेट. टॉक टू हिम."

मी शेडमध्ये गेलो. तो मशीनचा पट्टा तपासत होता.

"अरे, इतकी वर्षं त्या वाटेने तूच जातोस ना?"

"जातो. दर वेळी वर बघून जातो."

"मग आज जा की. त्या माणसाची अडचण समजून घे. पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

त्याने फडक्याला हात पुसले. "तू बसशील मागे?"

"बसेन."

"पोरीला बसवशील?"

मी दारातून बाहेर, त्या छज्जाकडे पाहिलं. माझं ते बघणं त्याने पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. तरीही मी म्हणालो, "उगाच ताणू नकोस." हे वाक्य मी का बोललो ते मला आजही सांगता येत नाही. लाज वाटत होती एवढं खरं, त्याची की माझी ते तेव्हा कळलं नाही.

त्याने मशीनवरचा बर्फ झाडला, पेट्रोल भरलं आणि किल्ली मॅनेजरच्या हातात दिली. मॅनेजर स्वतः निघाला तेव्हा मात्र याने आपलं बीकन काढून त्याच्या गळ्यात अडकवलं. तोही नको म्हणाला नाही. मग चार फेऱ्या झाल्या, आणि चारही फेऱ्यांना आमचा बर्फवाला उताराच्या अलीकडे, एका झाडाच्या आडोशाला, काठी जोडून उभा. नोकरी गेली होती, पण ड्युटी सुटली नव्हती. दुसऱ्या फेरीला मी जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिलो. त्याने न बघता एक फावडं माझ्या हातात दिलं. मशीनचा आवाज उताराखाली गेला की तो श्वास धरायचा, पलीकडे गेला की सोडायचा. थोड्या वेळाने माझंही तसंच व्हायला लागलं.

छज्जा पडला नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. सप्टेंबरच्या उन्हात तो थेंबाथेंबाने वितळून गेला, असं मॅनेजरनेच नंतर कळवलं. पुढच्या हिवाळ्यात ये असं काही त्याने कळवलं नाही. आम्ही डोंगरावरून परतताना हा आमच्याच गाडीत होता. मुलगी मागे झोपली होती. मी म्हणालो, "पडला तर नाहीच. तुझी नोकरी फुकट गेली."

"फुकट गेली तेच बरं," तो म्हणाला. "वसूल झाली असती तर?"

पुढे त्याच्या बायकोला डार्विनच्या युनीत मोठी जागा मिळाली आणि दोघं तिकडे गेले. जिथे स्वेटर विकायलाही ठेवत नाहीत त्या गावात हा माणूस गेली पाच वर्षं राहतो. आता तो सुसरींबद्दल बोलतो, नदीच्या काठापासून किती पावलं लांब उभं राहावं वगैरे. फोनवर ते ऐकून मी हसतो, पण पूर्वीसारखं हसू येत नाही. जुलै लागला की मात्र तो सुसरींचं काही बोलत नाही. यंदा बर्फ किती पडलाय, एवढंच विचारतो.

या हिवाळ्यात मुलीला घेऊन मी डोंगरावर गेलो होतो. तिचा तिथला एक फोटो काढला आणि त्याला पाठवला. पाठीमागे निळं आकाश, कडा, खाली ती हसत उभी. लगेच उत्तर आलं. त्याने तो फोटो मोठा करून इंचाइंचाने पाहिला असणार. लिहिलं होतं, "उजवीकडच्या कड्यावर वाऱ्याने बर्फ साठलाय. त्याच्या खाली थांबू नका. पुढे व्हा."

आम्ही पुढे झालो. दहा-पंधरा मिनिटांनी फोन पुन्हा वाजला.

"पोरगी किती उंच झाली रे."