सिंगापूरची एकमेव ट्रेगॉर्विन

मॅबेल आंटी नव्या माणसाला पहिल्या भेटीत तीन प्रश्न विचारायच्या. आडनाव काय, ते आलं कुठून, आणि आता त्या नावाची किती माणसं उरली आहेत. जेवलात का, भाडं किती भरता, हे सिंगापुरातले नेहमीचे प्रश्न त्यांच्या लेखी वेळ घालवणं होतं. क्वीन्सटाउनच्या जुन्या ब्लॉकमध्ये आम्ही राहायला गेलो तेव्हा मी दारावर हौसेनं देवनागरी पाटी ठोकत होतो. शेजारच्या दारातून फुलाफुलांच्या झग्यातली एक ठेंगणी, गव्हाळ, पांढऱ्या केसांची बाई बाहेर आली, चष्मा कपाळावर ढकलून पाटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे नाव आहे ना? वाचून दाखव."

"निवेंडकर," मी म्हटलं.

"किती आहात?"

"तिघं. मी, बायको आणि मुलगी."

"घरात नाही रे. जगात."

मी छाती फुगवून सांगितलं की आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे, मूळ पुरुषापासून कालच्या बारशापर्यंत सगळी नावं त्यात आहेत, नवी आवृत्ती तयार होते आहे आणि तिच्या कामात मीही आहे. आंटींचा चेहरा असा काही खुलला की विचारू नका. त्यांनी मला हाताला धरून सरळ आपल्या घरात नेलं. हातोडी माझ्या हातातच राहिली होती.

जेवणाच्या टेबलामागे भिंतभर जगाचा नकाशा होता आणि त्यात शिंप्याच्या टाचण्या टोचलेल्या. लाल डोक्याची टाचणी म्हणजे हयात माणूस, काळ्या डोक्याची म्हणजे संपलेली शाखा. त्यांचं आडनाव ट्रेगॉर्विन. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल; खुद्द इंग्लंडातही ते फारसं कुणी ऐकलेलं नाही. इंग्लंडचा नैर्ऋत्येकडचा जो पाय समुद्रात गेला आहे, ते कॉर्नवॉल. तिथल्या दोन खेड्यांत हे लोक होते, आणि कथिलाच्या खाणीत उतरणं एवढंच काम त्यांना येत होतं. तिथलं कथिल परवडेनासं झालं तसे ते पांगले. ऑस्ट्रेलियात तांबं, आफ्रिकेत सोनं, मेक्सिकोत चांदी, आणि मलायात पुन्हा कथिल. "नकाशावर कुठेही बोट ठेव," आंटी वाक्याला खास सिंगापुरी 'लाह' जोडून म्हणायच्या, "खाली खाण असेल तर वर आमचा एक तरी माणूस असणार, लाह." बाकीचं इंग्लंड मात्र त्या नकाशावर कोरं होतं. सिंगापूरवर एकच लाल टाचणी होती, ती त्यांची स्वतःची. धाकटा भाऊ पर्थला गेला आणि तिथेच वारला, त्याला मूलबाळ नव्हतं. आंटींनी लग्न केलं नाही.

त्यांची सगळी नोकरी एका हॉस्पिटलच्या नोंदणीच्या काउंटरवर झाली होती, आणि तिथली शिस्त निवृत्तीनंतरही अंगातून गेली नव्हती. "दुखतंय कुठे ते डॉक्टर विचारेल. माणूस कोण ते मी आधी विचारणार. ज्याचं नाव लिहिलेलं नाही तो कितीही आजारी असला तरी बाहेरच बसतो," हे त्यांचं तत्त्वज्ञान. एकदा मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो होतो. तिथल्या पोरीनं कॉम्प्युटरवर त्यांचं नाव अर्धंच टाकलं आणि हाक मारली, "मिस ट्रे." आंटी जागच्या हलल्या नाहीत. पोरगी शेवटी जवळ येऊन म्हणाली, "आंटी, नाव लांब आहे ना, म्हणून शॉर्ट केलं." आंटींनी शांतपणे विचारलं, "मग औषधही अर्धंच देणार आहेस का?" पूर्ण नाव टाकून झाल्यावरच त्या उठल्या. मागे रांग ताटकळली होती, त्याचं त्यांना काही नव्हतं.

आता मूळ दुखण्याकडे येतो. तिकडे इंग्लंडात या ट्रेगॉर्विन लोकांचं एक मंडळ आहे. कुणी निवृत्त साहेब त्याचा संपादक. जगभरच्या सगळ्या ट्रेगॉर्विनांचा एक ग्रंथ ते काढत होते आणि त्याचा मसुदा सगळ्यांना पाठवला होता. त्यात आंटींच्या पणजोबांची नोंद अशी होती: थॉमस, खाणीत मुकादम, मलायात गेला, तिकडेच वारला, निःसंतान.

निःसंतान. आणि त्याची पणती क्वीन्सटाउनमध्ये जिवंत, तोंडात सगळे दात शाबूत, रोज सकाळी बाजारातून मासे आणतेय. थॉमसला मलायातल्या एका चिनी मुलीपासून तीन मुलं झाली होती. तिघांच्या बाप्तिस्म्याची नोंद चर्चमध्ये आहे, आणि बाप म्हणून खाली थॉमसची सही आहे. त्या बाईचं नाव चर्चनं मेरी लिहिलं. "खरं नाव काय होतं ते कुणी विचारलंच नाही," आंटी म्हणायच्या. "काउंटरवर मी असते तर विचारलं असतं."

त्यांना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. ग्रंथ छापायच्या आत थॉमसपुढचा तो एक शब्द निघावा, आणि त्याखाली ओळीनं माणसं यावीत, शेवटी मॅबेल. वय चौऱ्याऐंशी, नजर अधू झालेली. म्हणून रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन जायचो, त्या सांगायच्या आणि मी इमेल लिहायचो. बदल्यात सूजी केक मिळायचा. हा इथल्या युरेशियन, म्हणजे आंटींसारख्या गोऱ्या-आशियाई मिश्र घराण्यांतल्या लोकांचा रव्याचा केक, आपल्या रव्याच्या लाडवाचा चुलतभाऊच.

इंग्रजीत अपमानसुद्धा कसा कडक इस्त्री करून देतात ते त्या वर्षी मी पाहिलं. दर वेळी आधी आभार, मग आंटींच्या चिकाटीचं कौतुक, आणि शेवटी नकार. बाप्तिस्म्याची नोंद चालणार नाही, लग्नाची दाखवा. मग आंटींनी एका कंपनीला आपली थुंकी पाठवून डीएनए तपासणी करून घेतली, आणि ऑस्ट्रेलियातल्या एका ट्रेगॉर्विन म्हाताऱ्याशी रक्ताचं नातं जुळलं. तेही पाठवलं. उत्तर आलं की रक्त असेलही, परंतु ग्रंथाचा नियम विवाहाचा आहे. फार तर आपली माहिती परिशिष्टात 'अपुष्ट दावे' या सदरात घेता येईल.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पोरं काढताना या लोकांना नियम आठवला नाही, पुस्तक काढताना बरा आठवला. त्या म्हाताऱ्या बाईनं सगळ्या जगातून यांची माणसं शोधून दिली. मेक्सिकोतली एक अख्खी शाखा तिनं पत्रं लिहून लिहून मिळवली होती, ती त्यांनी मुकाट्यानं छापायला घेतली, आणि तिला मात्र परिशिष्ट. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. मी तावातावानं चार ओळी लिहिल्या होत्या, त्या आंटींनी खोडायला लावल्या. "एवढंच लिही," त्या म्हणाल्या. "मी दावा नाही. मी मॅबेल आहे." त्यावर उत्तर आलंच नाही.

त्याच सुमारास आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती पुण्याहून आली. लाल कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं. आंटींना जरा बरं वाटेल, शिवाय आपलीही थोडी ऐट होईल, म्हणून मी तो रविवारी त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी टेबलावरचं सगळं बाजूला सारलं, पानांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुझं पान काढ." मी आमच्या शाखेचं पान काढलं. पानाखाली 'संकलन' म्हणून माझंच नाव होतं, तेही कौतुकानं दाखवलं. मग एकेक ओळ इंग्रजीत करून सांगू लागलो. आजोबा, वडील, मी, माझी मुलगी. त्यापुढे माझा चुलतभाऊ: सुरेश, डोंबिवली, बँकेत नोकरी, पत्नी अलका, निःसंतान.

मी पुढच्या ओळीकडे वळलो होतो. आंटी म्हणाल्या, "थांब. सुरेश म्हणजे गेल्या सुट्टीत तुझ्याकडे राहून गेला तोच ना?"

"हो."

"मग त्याची मुलगी? ती इथे माझ्या शेजारी बसून दोन तास टाचण्या बघत होती. मुक्ता."

मी म्हटलं, "ती दत्तक आहे, आंटी."

"मग?"

खरं म्हणजे सुरेशदादानं फॉर्मवर मुक्ताचं नाव स्वच्छ लिहिलं होतं. कुलवृत्तांत मंडळाचे अध्यक्ष आमचे नानाकाका. त्यांचा मला ऑफिसात फोन आला होता. "दत्तक भाऊबंदांतला मुलगा असेल तर गोष्ट वेगळी. ही कुठली कोण. आपण रक्ताची वंशावळ काढतोय. सुरेश काही बोलायचा नाही, तो गरीब आहे." माझी पाच मिनिटांत मीटिंग होती. मी वाद घातला नाही. निःसंतान असं टाइप केलं, सेव्ह केलं आणि मीटिंगला गेलो. त्यानंतर कितीतरी रविवार मी याच टेबलाशी बसून त्या इंग्रजाला नावं ठेवत होतो, आणि एकदाही, देवाशप्पथ एकदाही, माझ्या डोक्यात मुक्ता आली नव्हती.

हे सगळं मी आंटींना सांगितलं. मला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी केकचं ताट माझ्यापुढून उचललं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं. मग माझ्याकडे पाठ करूनच बोलल्या.

"माझ्याकडे रक्त आहे, कागद नाही. त्या मुलीकडे कोर्टाचा कागद आहे, रक्त नाही. तुम्हा लोकांना नक्की हवंय तरी काय, निवेंडकर?"

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"त्या साहेबाला मी आता हलवू शकत नाही. तू तर माझ्या घरात बसलायस. मुक्ताला फोन कर."

करतो म्हणालो, आणि केला नाही. कुठल्या तोंडानं करणार होतो? नानाकाका भडकतील, सुरेशदादाला वाटेल जुनं उकरून काढतोय, मुक्ताची परीक्षा आहे. बहाण्यांना काय तोटा. आंटी रविवारी केक द्यायच्या तशा देतच राहिल्या, पण बसायच्या आधी विचारायच्या, "केलास?" मी नाही म्हटलं की इमेलचा विषय काढायच्याच नाहीत. नकाशाची, टाचण्यांची गोष्टही बंद झाली. मी केक खाऊन घरी यायचो. बायको म्हणायची, "अरे, एक फोन तर करायचाय. डोंगर उचलायला सांगितलाय का कुणी?"

तिकडे इंग्लंडात ग्रंथ छापून झाल्याचं कळलं. थॉमस निःसंतानच राहिला होता, आणि आंटी परिशिष्टातही नव्हत्या. त्यांनी ती बातमी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "बरं." महिन्याभरात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. मी हॉस्पिटलमध्ये गेलो तेव्हा मनगटावरच्या पट्टीत त्यांचं नाव पूर्ण लिहिलेलं आहे का ते त्यांनी मला बघायला लावलं. होतं. मग जिभेवर जोर देऊन तोच प्रश्न विचारला.

"केलास?"

आणि मी खोटं बोललो. "हो आंटी. केला."

"काय म्हणाली?"

"आनंद झाला तिला."

त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला. समाधानानं डोळे मिटले. चौथ्या दिवशी त्या गेल्या. चर्चमध्ये आम्ही सात-आठ जण होतो, ब्लॉकमधलेच बहुतेक. पाद्र्यानं त्यांचं नाव नीट घेतलं. मला ते ऐकवेना. मरणाऱ्या माणसाला काउंटरवरून खोटी नोंद देऊन परत पाठवणारा मी, आणि इंग्लंडातल्या त्या साहेबाला दीडशहाणा म्हणणाराही मीच.

घरी आल्यावर नानाकाकांना फोन लावला. म्हटलं, शुद्धिपत्र काढायचंय, आपल्या शाखेच्या पानाचं. ते म्हणाले, ग्रंथ घरोघरी गेला, आता कसलं शुद्धिपत्र, आणि एवढा पुळका होता तर तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का? त्यांचं ते म्हणणं खरं होतं. मी सांगितलं की चिठ्ठ्या मी स्वतः छापणार आणि घरोघरी पोस्टानं पाठवणार, तुम्ही परवानगी दिलीत तरी आणि नाही दिलीत तरी. संध्याकाळपर्यंत मला घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलेलं होतं.

मग डोंबिवलीला फोन लावला. सुरेशदादा भाजी आणायला गेला होता. फोन मुक्तानं उचलला. मी म्हटलं, बाळा, त्या पुस्तकात एक चूक झाली आहे, ती मी केली आहे, आणि ती दुरुस्त करतोय. पुढे कसं सांगावं म्हणून अडखळलो, तर तीच म्हणाली, "मला माहितीये काका. पुस्तक घरी आलं त्याच दिवशी मी वाचलं होतं."

"मग बोलली का नाहीस? बाबांना तरी सांगायचंस."

"बाबांनी फॉर्म भरला होता ना," ती म्हणाली. "आणि खाली नाव तुमचं होतं. तुम्ही काही उगाच तसं लिहिणार नाही. मला वाटलं, बाबांनीच फॉर्मवर तसं लिहिलं असेल."

पुस्तक त्यांच्या घरी जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.