दाढेची सूज श्वासापर्यंत पोचली तेव्हा

"दाढेतला पू जिभेखाली उतरलाय. याला लुडविग्ज अँजायना म्हणतात," तळेगावच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. म्हणजे जिभेखालची जागा सुजते, जीभ वर ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ शकते. त्यांनी मला आडवंही होऊ दिलं नाही.

मी तळेगावजवळच्या परंदवडीची. गाड्यांच्या वायरी जोडणाऱ्या कंपनीत सात वर्षं लाइनवर आहे. खालची दाढ तीन आठवडे ठणकत होती, पण दाताच्या डॉक्टरांची मला लहानपणापासून धास्ती. मेडिकलमधून गोळी आणायची, शिफ्टच्या आधी घ्यायची, दाढेखाली लवंग धरायची. ठणका थांबायचा, म्हणून वाटायचं, बरं होतंय. सूज आली ती मास्कखाली झाकली गेली.

ती ओळखली शेजारी काम करणाऱ्या सुमनमावशींनी. चहाच्या सुट्टीत माझा आवाज ऐकून त्या थबकल्या. "घास तोंडात धरून बोलतीस का गं? मास्क काढ बगू." मला चहा गिळता येत नव्हता, लाळ गळत होती. त्यांनी सुपरवायझरची परवानगी मागितली नाही, नुसतं सांगितलं आणि मला रिक्षात घातलं.

हॉस्पिटलात सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाकातून श्वासाची नळी घालू. तुम्ही जाग्याच असाल. नाही गेली तर गळ्याला छेद द्यावा लागेल." निरोप मिळून धावत आलेला नवरा संमतीच्या कागदावर सही करताना माझ्याकडे बघेना.

नळी घशात उतरताना मनात माझ्या मुलीचं नाव घ्यायला गेले, तर ते आठवेना. तेवढी भीती मला आधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही.

पू काढला, दाढ काढली. चौथ्या दिवशी नळी निघाली. मावशी रोज शिफ्ट सुटल्यावर यायच्या. त्यांच्यामुळेच मी आहे.

माझ्यासारख्या लाइनवरच्यांना एवढंच सांगते. दाढ दुखतेय आणि हनुवटीखाली सूज आली, गिळता येईना, आवाज बदलला, तर गोळी खाऊन कामाला जाऊ नका. तडक मोठ्या दवाखान्यात जा.

गेल्या महिन्यात दुसरी दाढ किडलेली निघाली. या वेळी मी जाऊन खुर्चीत बसले. मी दाताच्या डॉक्टरांना सांगून टाकलं, मला फार भीती वाटते. ते म्हणाले, "भीती वाटली की हात वर करा, मी थांबेन."

मी दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा ते थांबले.