आचलच्या लग्नाच्या दोन डिव्हीड्या

मूर्तिजापुरात शकुंतलेच्या रुळांपलीकडे गजालाचं घर. शकुंतला म्हणजे बाई नव्हे, आगगाडी. अशी सावकाश चालायची की उतरून बोरं वेचावी अन् पुन्हा त्याच डब्यात चढावं. गजालाचं कामही त्याच चालीचं. भाऊ परवेज लग्नांची शुटिंग घ्यायचा अन् घरी बसून त्याची जोडणी, म्हणजे मिक्सिंग, करायची गजाला. गाव ओळखायचं परवेजला, कारण तो मांडवात भटजीच्याही पुढे उभा. पण गजालाच्या हातची डिव्हीडी एकदा पाहिलेली माणसं पुढल्या लग्नाची तारीख आधी तिला विचारायची.

परवेजनं एचडी कॅमेरा आणला ते साल कपाशीनं दगा दिल्याचं. लग्नातला बँड गेला, घोडा गेला, मांडवाची झालर गेली. शुटिंग मात्र कोणी सोडली नाही. कॅमेरा असा की नवरदेवाच्या मिशीचा केस न् केस वेगळा दिसावा. पण लोकांच्या घरी तोच जुना डब्बा टीव्ही अन् त्याच्यावर डिव्हीडी. मोठ्या चित्राचं लहान चित्र करायचं अन् त्यात माणूस हरवू द्यायचा नाही, ही गजालाची विद्या.

तर त्याच साली हिवरखेडच्या नत्थुजींच्या पोरीचं, आचलचं, लग्न मूर्तिजापुरात लागलं. तिला लहानाची मोठी केली ती आजीनं, दुर्गाबाईनं. अन् ऐन हळदीच्या आधी म्हातारी ओसरीवरून घसरली, खुबा मोडून खाटेला खिळली. नात लग्नाला निघाली तेव्हा तिला एवढंच म्हणाली, "सासरी जातानी रडजो नको. मी टीव्हीत पाहीन तुले."

लग्न आटोपलं. नत्थुजी गजालाकडे आले. "पोरी, सगळं एकाच डिव्हीडीत टाक."

"काका, दोन लागतील. एकात कोंबलं तं चेहरे फाटतात."

"दोन? अवं, पोरगी आताच नांदाले गेली, अन् तू तिच्या लग्नाचे तुकडे करून राहिली?"

"एका गंजातलं वरण अख्ख्या गावाले वाढायचं तं पाणी घालावं लागते, काका. वरण पुरते, पण डाळ दिसत नाही."

"मले डाळ नको सांगू. लग्न एक, डिव्हीडी एक!"

मोठ्या माणसाचा शब्द. गजालानं एकच करून दिली.

आठवडा झाला असेल-नसेल, नत्थुजी खाली मान घालून दारात उभे. हिवरखेडला अंगणात सारी आळी जमली होती, दुर्गाबाईची खाट पुढे. हळद दिसली, रुखवत दिसलं. पण पाठवणीला वरून सिनेमातलं गाणं वाजलं, फुलं उधळली, बायांची झोंबाझोंबी झाली, अन् आचलच्या तोंडाचे नुसते चौकोन चौकोन झाले.

"माय म्हने, हे आचल हाय का बुजगावणं? रडली का नाई तेवढं सांगा. मी म्हनलं नाई रडली. तं म्हन्ते, तू बाप, तू असंच सांगशीन." नत्थुजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "जेवत नाई बरोबर. पोरीचं तोंड पाहायचं म्हन्ते."

गजाला उठली. "भाईजान, आचलच्या शुटिंगची मूळ कॅसेट?"

"कॅमेऱ्यात घातली, उद्याचं लग्न तिच्यावरच घ्यायचं. त्याच डिव्हीडीतून साफ करून दे ना."

"धुवून विटलेला कपडा पुन्हा धुतला तं रंग परत येतो का?" तिनं कॅमेऱ्यातून कॅसेट ओढून घेतली. "नवी आण जा."

मग तिनं सगळी जोडणी मोठ्या चित्रातच केली. लहान करायचं ते शेवटी, अन् एकदाच. कॉम्प्युटरला अख्खं लग्न दोनदा पाहायला लावलं. पहिल्यांदा नुसतं बघायचं, गर्दी कुठे, धावपळ कुठे, माणसं गप कुठे बसली. दुसऱ्यांदा लहान करून लिहायचं, धावपळीला जास्त जागा द्यायची. कास्तकार नाही का, आधी वावरभर फिरतो, मगच पेरतो.

पण त्या वर्षांत वीज पाहुणीसारखी यायची. मध्येच गेली की काम पहिल्यापासून. म्हणून गजालानं पंख्याचं इन्व्हर्टर कॉम्प्युटरला जोडलं. तिची अम्मी अनीसा पदरानं वारा घेत ओरडली, "आदमी उबल रहे, और तेरे डब्बे को बिजली!"

"अम्मी, एक दादी भूखी रुकी है," गजाला म्हणाली. अम्मीनं मग सूप घेतलं अन् लेकीलाच वारा घालत बसली.

झालेलं चित्र गजालानं शेजारच्या डब्बा टीव्हीवर लावून पाहिलं. कॉम्प्युटरवर सुरेख दिसणारी शालूची जरीची किनार इथं मुंग्या चालल्यासारखी वळवळत होती. बारीक रेघा जुन्या टीव्हीला झेपत नाहीत. चित्र अगदी एवढंसं मऊ केलं, पोळीवर तुपाचं बोट फिरवावं तेवढंच. पुन्हा सगळं पहिल्यापासून. किनार शांत झाली.

डिव्हीड्या झाल्या दोनच. न्यायला आलेल्या नत्थुजींच्या कपाळावर आठी आली. गजालानं दोन्ही पुढे केल्या. एकीवर लिहिलं होतं 'माहेर', दुसरीवर 'सासर'. अंतरपाट धरलेला तिथं पहिली संपत होती, अंतरपाट खाली येतो तिथून दुसरी सुरू.

नत्थुजींनी उलटून-पालटून पाहिलं. "पोरीले घरं दोन, तं लग्नाले डिव्हीड्या दोन. हे आधी काहून नाई सांगतलं वं?"

"तुमी डाळच ऐकून घेतली नाही, काका!"

गजाला स्वतः हिवरखेडला गेली. 'माहेर' झाली, 'सासर' लागली. पाठवणी आली, या खेपेला गाण्याविना. फुलं उडाली, पण पाकळी न् पाकळी वेगळी. त्या गर्दीतून आचलनं कॅमेऱ्याकडे तोंड वळवलं. "आजी, पाहून राहिली ना? रडली नाई मी."

दुर्गाबाई कोपरावर उठली, चष्मा वर-खाली केला.

"लबाड! रडली नाई म्हन्ते. हे पाह्य, डोयात पानी चमकून राहिलं." स्वतःच्या डोळ्यांना तिनं पदर लावला अन् गजालाचा हात धरला. "तुह्यानं चोरी पकडल्या गेली वं माय. नत्थू, भाकर आन मले. अन् पोरी, तू ते 'सासर' लाव पुन्हा."