जोगदंड सरांच्या लॅबमधलं बेशिस्त प्रोटीन

आमच्या लॅबच्या फ्रिजचं दार कधी नीट लागलं नाही, इतक्या त्यात फसलेल्या प्रयोगांच्या बाटल्या होत्या. जोगदंड सरांचा नियमच होता, की काहीही फेकायच्या आधी एकदा तपासायचं. आणि तपासायला सवड मिळेपर्यंत ते फ्रिजमध्ये. बाटल्या साठल्या तसे किस्सेही साठले. बाटल्या पुढे कधीतरी धुतल्या गेल्या, किस्से मात्र चार मित्र जमले की अजून निघतात.

लॅब म्हणजे गेवराईकडच्या एका सहकारी साखर कारखान्याने काढलेल्या कॉलेजातल्या दोन खोल्या. वर्षं दुष्काळाची. कारखान्याला ऊस नव्हता, कॉलेजला पाणी नव्हतं आणि सरांच्या डोक्यात ज्वारी होती. सगळं रान करपतं तरी ज्वारी तग धरते. तिच्या पेशींना सांभाळणारं एक प्रोटीन आहे, ते शुद्ध करायचं आणि त्याचा आकार शोधायचा, हा सरांचा ध्यास.

हे काम उमापूरच्या वैशाली साळवेकडे होतं. तिच्या पीएच.डी.ची मुदत वाढवून वाढवून संपत आली होती. त्या उन्हाळ्यात प्रोटीन हाती लागलं नाही तर नोंदणी रद्द आणि सगळी वर्षं पाण्यात. मी कॉम्प्युटरवर त्याच प्रोटीनचं मॉडेल बनवायचो, म्हणजे पंख्याखाली बसून तिला सल्ले द्यायचो.

*

प्रयोगाला डिस्टिल्ड वॉटर लागतं. ते बनवायच्या यंत्राला थंड ठेवायला नळाचं पाणी सारखं वाहतं ठेवावं लागतं, आणि ते कोमट होऊन बाहेर पडतं. चांगल्या काळात ते मोरीत जायचं. दुष्काळात कॉलेजला टँकर लागला, तेव्हा लेडीज हॉस्टेलच्या मुलींनी ठराव केला की या पाण्यावर आमचा हक्क. सरांनीही मान डोलावली.

मग रोज सकाळी लॅबच्या दारात बादल्यांची रांग. कोमट पाणी, तेही फुकट! वैशालीचा प्रयोग असला की मुलींची न्हाणी व्हायची, नसला की नुसतं तोंड धुणं. येता-जाता मुली विचारायच्या, "ताई, आज प्रयोग हाय ना?"

एकदा वैशाली रडवेली होऊन बाहेर आली. सगळं फसलं होतं, उद्या पहिल्यापासून करावं लागणार होतं. रांगेतल्या पहिल्या मुलीने तोंड पाडून फार वाईट झालं म्हटलं, आणि मागे वळून हळूच सांगितलं, "उंद्या केस धुवायचे गं."

*

प्रोटीन फसतं म्हणजे काय होतं, हे चेअरमन अण्णांनी फार सोप्या शब्दांत सांगितलं होतं.

हे प्रोटीन आम्ही बॅक्टेरियाकडून बनवून घ्यायचो. ते फोडले की त्यांच्या पोटातलं सगळंच बाहेर येतं आणि टँकरच्या पाण्यासारखा गढूळ द्रव तयार होतो. त्यात आमच्या प्रोटीनबरोबर शेकडो नको असलेली प्रोटीनं असतात. वेगळं काढायला जावं तर एक तर आमचंही त्यांच्याबरोबर निघून जायचं, नाही तर सगळी मिळून गोळे होऊन तळाशी बसायची.

अण्णा कारखान्याचे चेअरमन आणि दूध संघाचेही. कॉलेज बघायला आले, तेव्हा नेमकी वैशालीच्या हातात असली गोळे झालेली बाटली होती. अण्णांनी ती उजेडात धरली, हलवली, वास घेतला. आता भाषण देतील म्हणून सगळे सरसावून उभे राहिले.

"नासलंय," अण्णा म्हणाले. "लई हलवलं आसंल."

सरांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना वैशालीला धीर दिला, की आमच्या संघातही होतं असं, मन लावून घेऊ नको.

*

सरांचं दुसरं वेड थंडी. अंडं उकडल्यावर पुन्हा पातळ होत नाही, तसं प्रोटीन एकदा तापलं की आकार मोडला, संपलं. म्हणून सगळं बर्फात. वीज गेली की मी सायकलवर रसवंतीवाल्याकडे बर्फाला पळायचो. तो गिऱ्हाईकांना थांबवून आधी मला बर्फ द्यायचा, कारण कॉलेजात कुणीतरी सीरियस आहे अशी त्याची समजूत होती. मीही ती कधी मोडली नाही.

वैशाली थंड खोलीत तासन् तास काम करायची, म्हणून भर मे महिन्यात तिच्या अंगात स्वेटर. एका दुपारी तिची आई, म्हणजे आमच्या मावशी, उमापूरहून भाकरी-ठेचा घेऊन आली. बाहेर डांबर वितळत होतं आणि लेक स्वेटर घालून समोर आली. मावशींनी डबा खाली ठेवला आणि आधी तिच्या कपाळाला हात लावला. "थंडी वाजून येतीय? आन् मला कावून न्हाई सांगितलं?"

ताप नाही हे पटायला वेळ लागला. मग म्हणाल्या, हे लिवनं-वाचनं सरंल कवा? वैशाली भाकरी खात राहिली. त्या दिवसापासून मावशी दर आठवड्याला यायला लागल्या.

*

माझं मॉडेल तयार झालं, त्या दिवशी मी सगळ्यांना चहा पाजला. मग स्क्रीनवर ते उघडलं.

इतर प्रोटीनं कशी छान घडी घातलेली, वळणदार दिसतात. आमचं म्हणजे मांजरीने खेळून टाकलेला दोऱ्याचा गुंता. वरून सगळं केशरी, म्हणजे कॉम्प्युटरलाच स्वतःवर भरवसा नव्हता. परत चालवलं, तर नवीनच गुंता.

सर म्हणाले, मॉडेल चुकलंय. वैशालीने भीतभीत शंका काढली, की ज्वारीला पाणी कमी पडलं की या प्रोटीनला मिळेल तिथे धावून जावं, मिळेल त्याला बिलगावं लागत असेल, मग त्याला ठरलेला आकार नसेलच तर?

"शिस्त नसलेलं प्रोटीन माझ्या लॅबमध्ये चालणार नाही," सर म्हणाले आणि वर्गावर गेले. मला चहाचं वाईट वाटलं.

*

आणि मग तो दिवस. मुदतीआधी जमेल असा हा शेवटचाच प्रयोग होता. वैशालीने बॅक्टेरिया फोडून गढूळ द्रवाचा चंबू बर्फात ठेवला. वीज गेली, बर्फाचं पाणी झालं. मी सायकलवर नवा बर्फ आणायला निघालो, तेवढ्यात वीज आली, म्हणून वैशाली थंड खोलीचं यंत्र बघायला गेली. टेबलावर तपासणीसाठी लागणारी विजेची पाण्याची पेटी पुन्हा उकळायला लागली होती.

मावशी आल्या. खोलीत कुणी नाही, लेकीच्या टेबलावर चंबूभर गढूळ पाणी. त्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी उकळल्याशिवाय कुणी पीत नव्हतं, आणि ही पोर असलं पिते? त्यांनी चंबू उचलला आणि उकळत्या पाण्यात ठेवला. लेक येईपर्यंत पिण्याजोगं होईल म्हणून स्टुलावर निवांत बसल्या.

मी बर्फ घेऊन पोचलो, तर वैशाली खाली फरशीवर बसून रडत होती. चंबूत पांढरे गोळे तरंगत होते. मावशींचा चेहरा उतरला होता. त्या एकच म्हणत होत्या, "मी तुझ्यासाटीच उकळलं गं माय." मला दोघींकडेही बघवेना.

सर आले. चंबू उचलून उजेडात धरला. मी वाट बघत होतो की आता स्फोट होणार. पण ते मावशींना काही बोलले नाहीत. वैशालीला म्हणाले, "ऊठ. फेकायच्या आधी तपासायचं."

गोळे यंत्रात फिरवून तळाशी बसवले. वर नितळ पाणी राहिलं. ते जेलवर, म्हणजे प्रत्येक प्रोटीनची वेगळी पट्टी पाडणाऱ्या चिकट थरावर चालवलं, निळा रंग दिला, धुतला. एरवी तिथे निळ्या पट्ट्यांची शिडी उमटायची. आज एकच पट्टी होती. आमची. बाकी सगळी प्रोटीनं उकळून मोडून तळाशी गेली होती, आणि हे पठ्ठं पाण्यात तसंच!

सर खुर्चीत बसले. "ज्याला आकारच नाही," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याचं उकळून मोडणार काय?" मग त्यांनी मला चहा आणायला पाठवलं, आणि या वेळी तो त्यांच्या नावावर होता.

*

वैशालीचा प्रबंध मुदतीत गेला. तोंडी परीक्षा खुली असते, म्हणून हॉस्टेलच्या मुली आल्या होत्या, सगळ्या केस धुऊन. मागच्या बाकावर मावशी, नवं लुगडं नेसून, पदर डोक्यावर.

पुण्याहून आलेले परीक्षक खूश होते. त्यांनी प्रबंधाचं एक पान उघडलं आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे. पण ज्या प्रोटीनला तुम्ही इतकी वर्षं बर्फात जपलंत, तेच उकळायचं धाडस! हे सुचलं कसं?"

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. मी बुटांकडे.

वैशालीने मागच्या बाकाकडे एकदा पाहिलं.

"पाणी गढूळ होतं, सर," ती म्हणाली.