सगळे म्हणतात म्हणून

शिक्षकांच्या खोलीत वीस-बावीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. मी चोपड्याजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. मेंदू हा माझा आवडता धडा. चारचौघांत आपला मेंदू काय करतो, हे मात्र मला पुस्तकाने कधी सांगितलं नाही. ते सहकाऱ्यांनी सांगितलं, आणि तेही न विचारता.

*

आमचे नाना ऑफिसात शिपाई, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. एका सोमवारी मीटिंगमध्ये त्यांनी चहा दिला. प्राचार्य चौधरी सरांनी घोट घेतला आणि म्हणाले, "वा नाना, आज चहा जमलाय."

मी घोट घेतला. खारट! साखरेऐवजी मीठ पडलेलं. मी बाजूला बघितलं. गणिताचे पाटील सर शांतपणे पीत होते. महाजन मॅडमही पीत होत्या. मला वाटलं, माझ्याच तोंडाची चव गेली असेल. पाटील सर तर म्हणाले, "वेलची घातलेली दिसतेय."

आम्ही अकरा जणांनी कप संपवले. शेवटी नानांनी उरलेला चहा स्वतः तोंडाला लावला आणि खिडकीबाहेर थुंकले.

चौधरी सर ओशाळले. "मला काय माहीत? तापापासून मला कशाचीच चव येत नाही."

*

धुळ्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. हॉलमध्ये चाळीस शिक्षक, दुपारची वेळ, समोर व्याख्यान. पहिल्या रांगेतले एक सर एकदम उभे राहिले. त्यांच्यामागचे दोघे उभे राहिले. मग रांग, मग अख्खा हॉल. सगळे हात सरळ ठेवून, मान खाली घालून. मीसुद्धा.

व्याख्याते गोंधळले. "काय झालं?"

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "श्रद्धांजली आहे ना, सर?"

"कोणाला?"

कोणालाच माहीत नव्हतं. पहिल्या रांगेतल्या सरांच्या खुर्चीचा खिळा वर आला होता.

*

हे बघून मी अकरावीच्या वर्गात एक प्रयोग केला. फळ्यावर दोन रेघा काढल्या, एक दुसरीपेक्षा चांगली चार बोटं लांब. सात जणांना आधीच सांगून ठेवलं होतं की आखूड रेघेलाच लांब म्हणायचं. आठव्या नंबरला रोहिणी. वर्गात पहिली येणारी, तिला काहीच सांगितलं नव्हतं.

सातही जण बोलून गेले. रोहिणीने एकदा फळ्याकडे, एकदा मैत्रिणींकडे बघितलं आणि आखूड रेघेकडे बोट दाखवलं. वर्ग हसला. मी खरं काय ते सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, 'घाबरले सर, म्हणून खोटं बोलले.'

ती म्हणाली, "सर, पहिल्यांदा बरोबर दिसत होतं. नंतर खरंच ती रेघ लांब दिसायला लागली."

मी दोन्ही रेघा पुसून टाकल्या.

*

त्या हिवाळ्यात यावलकडे, पाटील सरांच्या भावाच्या केळीच्या मळ्यात आमची भरीत पार्टी झाली. वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. वीसेक जण पंगतीला. गप्पा रंगात आल्या होत्या आणि पाटील सर बोलता बोलता थांबले. डोळे मोठे झाले, एक हात गळ्यावर गेला.

घास अडकला होता. मला ते दिसत होतं. जीवशास्त्राचा माणूस मी, काय करायचं ते मी दरवर्षी शिकवतो. पण शेजारचा हलला नाही, समोरचा हलला नाही, म्हणून मलाही वाटलं की फार काही नसेल. एकाने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, इतकंच. सरांचे ओठ निळे पडायला लागले.

चुलीपाशी मळ्यातल्या अक्का पुऱ्या तळत होत्या. त्या झारा टाकून धावत आल्या. सरांना पुढे वाकवलं आणि पाठीत असे धपाटे घातले की घास पत्रावळीच्या पलीकडे जाऊन पडला.

मग नुसतं बघत बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "बठ्ठा काय देखी राहिनात? मानूस मरी राहिना शे!"

त्यानंतर कोणालाच जेवण गेलं नाही.

*

शेवटचा किस्सा मी फारसा कोणाला सांगत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची मुलगी आमच्याकडे बारावीला होती. आईबाप मजुरीला जाणारे. त्या पाड्यावरून बारावीपर्यंत आलेली ती पहिलीच मुलगी. सराव परीक्षेत तिच्या बाकाखाली कॉपी सापडली. अक्षर तिचं नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. तिला कॉलेजातून काढलं तर घरचे महिनाभरात तिचं लग्न लावून मोकळे होतील, हेही माहीत होतं.

प्राचार्यांच्या खोलीत आम्ही सात जण बसलो. परीक्षेचं काम पाटील सरांकडे. ते म्हणाले, "नियमाप्रमाणे काढावं लागेल." चौधरी सरांनी विचारलं, "मान्य असेल त्यांनी हात वर करा." एक हात वर गेला, दुसरा गेला. तिची बाजू घ्यायची असं घरून ठरवून आलो होतो. माझाही हात वर गेला. सातही हात वर बघून मला नियमच बरोबर वाटायला लागला.

महाजन मॅडम आमच्यात सगळ्यांत नव्या. हात खाली घेत त्या म्हणाल्या, "सर, एकदा चिठ्ठीवर घेऊ या का? नाव न लिहिता."

चौधरी सरांनी कागद फाडून सगळ्यांना दिले, स्वतःही एक घेतला. चिठ्ठ्या टेबलावर गोळा झाल्या आणि ते एकेक वाचू लागले.

"राहू द्या." "राहू द्या." "राहू द्या."

सहा चिठ्ठ्यांवर तेच. सातवी उघडली.

"काढा."

मुलगी वाचली होती. पण सगळ्यांच्या नजरा पाटील सरांकडे गेल्या. ते खुर्चीतून अर्धे उठले. "आईशपथ, माझी नाही ती. मी 'राहू द्या' लिहिलंय."

कोणाचा विश्वास बसला नाही. मीही सगळ्यांसारखा त्यांच्याकडेच बघत होतो.

सातव्या चिठ्ठीवरचं अक्षर माझं होतं.