चौथं रन

लॉगर सुरूच केला नव्हता, हे मला तिसऱ्या रननंतर कळलं. नऊ वीस झाले होते. एप्रिल महिना, बव्हेरियातला ऑस्ट्रियाच्या सीमेजवळचा एक उतार.

मी टेस्ट इंजिनिअर. आमची छोटी कंपनी ट्रान्सिव्हर बनवते. डोंगरात स्कीइंगला जाणारे हे यंत्र छातीला बांधतात. हिमस्खलनात कुणी गाडलं गेलं, तर त्याचं यंत्र सिग्नल देतं आणि सोबतचे आपापल्या यंत्रावर तो शोधतात. नव्या मॉडेलचा सिग्नल किती लांबून मिळतो, ते आम्ही मोजत होतो. माझा सहकारी योनास यंत्र बांधून उतारावरून खाली यायचा. मी बाजूच्या खडकावर रिसीव्हर घेऊन बसायची. आकडे लॉगरमध्ये साठायला हवे होते. अपडेटनंतर तो हाताने सुरू करावा लागतो, आणि तेच मी केलं नव्हतं.

आमची गाइड रेझी, पंचावन्नची. पहाटे तिने स्कीची काठी बर्फात खुपसून दाखवली होती. ती सहज आत गेली. वसंतात दिवसा बर्फ वितळतो आणि रात्री आभाळ मोकळं असलं की पुन्हा कडक गोठतो. तो कडक असेपर्यंत उतार जागेवर राहतो. ऊन चढलं की पाणी आत झिरपतं आणि अख्खा थर सुटतो. त्या रात्री ढग होते, गोठणं अर्धवटच झालं होतं.

"साडेनऊला उतार रिकामा," ती म्हणाली होती.

मी तिला विचारलं, अजून एक रन घेता येईल का. लॉगरचं बोलले नाही. ती "नाही" म्हणाली आणि खडकामागच्या खोपटाकडे सामान बांधायला गेली.

सोमवारी रिलीजची मीटिंग होती. बॉस, मार्कुस, आकडे मागणार होता. मी योनासला वॉकीटॉकीवर सांगितलं, "अजून एक. रेझी म्हणाली, पटकन केलंस तर चालेल."

तो खडकाच्या कडेने वर चढला. दहाला पाच कमी असताना निघाला. तिसऱ्या वळणावर उतार सुटला. आवाज फार मोठा नव्हता, ओलं काँक्रीट ओतावं तसा. योनास दिसेनासा झाला.

रेझी धावत आली. तिच्या यंत्रावर दोन सिग्नल येत होते. दुसरा माझ्या यंत्राचा. शोधताना आपलं यंत्र शोध मोडवर न्यायचं असतं. हे मी लोकांना ट्रेनिंगमध्ये शिकवते. रेझीने हात लांब करून माझं बटण फिरवलं.

तो बर्फात मीटरभर खोल सापडला. ओला बर्फ थांबला की घट्ट बसतो, फावडं आत जाईना. तोंड मोकळं केलं तेव्हा श्वास चालू होता. पाय दोन ठिकाणी मोडला होता. हेलिकॉप्टर आलं.

अपघाताच्या फॉर्मवर 'कारण' या रकान्यात मी लिहिलं, 'तापमानात अनपेक्षित वाढ'. नवऱ्यालाही तेच सांगितलं.

चौथ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेले. योनास म्हणाला, "रेझीने हो म्हणायला नको होतं."

मी त्याची पाण्याची बाटली भरून आणली आणि निघाले. तिथे सांगता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मार्कुस म्हणाला, रेझीला आता बोलवायचं नाही. तेव्हा कुठे मी तोंड उघडलं. लॉगर, खोटं, फॉर्म, सगळं. तो म्हणाला, "हे आधी योनासला सांग."

योनासने ऐकून घेतलं आणि मला जायला सांगितलं. मला लेखी ताकीद मिळाली, इथली आबमानुंग. फील्ड टेस्ट काढून घेतल्या. ते बरोबरच होतं.

रेझीला मी फोन केला. तिने एकच विचारलं, लॉगर बंद असल्याचं कधी कळलं?

"नऊ वीसला."

"मग तेव्हाच सांगायचं होतंस. रात्री आभाळ मोकळं होणार होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे परत आलो असतो."

रिलीज एक दिवस पुढे गेली असती, इतकंच. प्रत्यक्षात ती पाच आठवडे पुढे गेली.

योनास आता चालतो. जिने उतरताना कठडा धरतो. रेझी अजून आमच्या टीमबरोबर जाते. टेस्ट प्लॅनमध्ये मी एक ओळ घातली आहे: 'डेटा राहिला तर गाइडला कारणासकट सांगावे आणि दुसऱ्या दिवशी यावे.' नवीन इंजिनिअर विचारतात, एवढी साधी गोष्ट लिहायची काय गरज? मी त्यांना कारण सांगते. दर वेळी माझं नाव घेऊन.